मागच्या रांगेतली पुस्तकं

प्रिय ताई,

माझं वय 42. एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. दिवसभर आकडे बघून डोकं आंबतं, म्हणून रात्री झोपण्याआधी बायकांनी लिहिलेल्या हलक्याफुलक्या विनोदी कादंबऱ्या वाचते. नायिका गोंधळ घालते, ऑफिसात तिची फजिती होते, आई फोनवरून पिडते आणि शेवटी सगळं मार्गी लागतं, अशा. माझ्या नणंदबाई साहित्याच्या निवृत्त प्राध्यापिका आहेत. त्या घरी यायच्या असल्या की मी ही पुस्तकं कपाटात मागच्या रांगेत ढकलते आणि पुढे दोन जाडजूड कादंबऱ्या लावते. त्यातल्या एकीच्या 64व्या पानावर मी कित्येक महिने अडकून पडले आहे. आता वन्संनी त्यांच्या वाचनगटात ‘माझं आवडतं पुस्तक’ या विषयावर मला दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. मी त्या जाड कादंबरीवरच बोलणार अशी त्यांची समजूत आहे. खरं आवडतं पुस्तक सांगितलं तर चारचौघांत हसं होईल. काय करू? आणि खरंच सांगा, असलं वाचून डोकं बोथट होतं का? हल्ली तर यातलीही निम्मी पुस्तकं अर्धवट टाकते, सगळी एकाच साच्यातून काढल्यासारखी वाटतात.

– मागची रांग

*

प्रिय मागची रांग,

निकाल आधी सांगते, कारणं मागून. जे खरंच आवडतं तेच पुस्तक घेऊन जा. जाड कादंबरीचा नाद सोडा. यात प्रामाणिकपणाबिणाचा काही प्रश्न नाही, साधा व्यवहार आहे. 64 पानांच्या भांडवलावर निवृत्त प्राध्यापिकेसमोर दहा मिनिटं उभं राहणं म्हणजे आपणहून पायावर धोंडा पाडून घेणं. बोलून झालं की प्रश्न येतात. त्या खोलीत कोणीतरी ती कादंबरी पुरी वाचलेली असणार, आणि अशी कादंबरी पुरी वाचलेल्या माणसाला ते सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

आता ती लाज. तुम्हाला वाटतंय की ही तुमची एकटीची भानगड आहे. तर तसं नाही, ती दोनशे वर्षांहून जुनी आहे. इंग्रज लेखिका जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’ या कादंबरीच्या पाचव्या प्रकरणात नायिका आणि तिची नवी मैत्रीण पावसाळी सकाळी दार लावून कादंबऱ्या वाचत बसतात. एवढं सांगितल्यावर लेखिका गोष्ट तिथेच सोडते आणि वाचकाशी भांडायलाच उभी राहते. हो, कादंबऱ्याच वाचतात त्या, आणि स्वतः कादंबऱ्या लिहून वर कादंबऱ्यांनाच नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही, असं ती ठणकावते. मग ती एक मुलगी उभी करते. काय वाचतेस, असं कोणी विचारलं की ही मुलगी पुस्तक खाली ठेवते, आपल्याला त्याचं काही विशेष नाही असा चेहरा करते आणि म्हणते, छे, साधी कादंबरी आहे. हातात एखाद्या भारदस्त नियतकालिकाचा खंड असता, तर याच मुलीने तो नावासकट मिरवला असता, अशी पुस्तीही ऑस्टिन जोडते. तुमचं कपाट तिने बघितलेलं नव्हतं, तरी वर्णन तंतोतंत आहे की नाही?

या कादंबरीचीही एक गंमत आहे. प्रकाशकाने हस्तलिखित 1803 साली विकत घेतलं आणि तसंच ठेवून दिलं. 1816 मध्ये ते परत विकत घ्यावं लागलं. पुस्तक निघालं 1817 च्या डिसेंबरात, ऑस्टिन जाऊन पाच महिने झाल्यावर. पुस्तकं मागे ढकलायची सवय फक्त वाचकांनाच असते असं नाही.

ही लाज येते कुठून, त्यावर इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फने 1929 मध्ये ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ या दीर्घ निबंधात नेमकं बोट ठेवलंय. पुस्तक युद्धावर असलं की टीकाकार ते महत्त्वाचं धरून चालतो, आणि दिवाणखान्यातल्या बायकांच्या मनात काय चाललंय यावर असलं की किरकोळ, असं ती म्हणते. त्यात ते पुस्तक हसवणारं निघालं तर मग संपलंच. विषय किरकोळ आणि सूरही किरकोळ. पुरुषाने स्वतःच्या फजितीवर लिहिलं तर त्याला मार्मिक म्हणतात. बाईने लिहिलं तर तिला गुलाबी मुखपृष्ठ मिळतं, त्यावर उंच टाचेचा एक बूट आणि तिरक्या अक्षरातलं शीर्षक. मुखपृष्ठ बहुतेक वेळा लेखिकेच्या हातात नसतं, ते पुस्तक खपवणारे ठरवतात. तेव्हा त्या बुटावरून आतल्या मजकुराचा अंदाज बांधू नये, आणि वन्संनाही बांधू देऊ नये. (पुस्तक नेताना मुखपृष्ठाला कागद लावून नेऊ नका, एवढी एक विनंती. कागद लावलेलं पुस्तक आपण होऊन गुन्हा कबूल करतं.)

वन्सं मुरलेल्या प्राध्यापिका आहेत, तेव्हा त्या जॉर्ज इलियटला (पुरुषी टोपणनावाने लिहिणारी इंग्रज कादंबरीकार बाई) साक्षीला बोलावतील अशी तयारी ठेवा. 1856 च्या ऑक्टोबरात ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’ या नियतकालिकात तिने बायकांच्या खुळचट कादंबऱ्यांवर एक लांबलचक निबंध निनावी लिहिला, आणि त्यात त्या कादंबऱ्यांची यथेच्छ धुलाई केली. हा निबंध तुमच्या विरुद्ध जातो असं वरवर वाटेल. पण तिची तक्रार काय होती ते नीट बघा. तिथली नायिका बहुधा गडगंज इस्टेटीची वारस. रूपाला तोड नाही, गळा उत्तम, बुद्धी त्याहून उत्तम, बायबल मूळ भाषांतून वाचते, आणि तिला बघताच घायाळ न होणारा पुरुष अख्ख्या पुस्तकात सापडत नाही. हे लिहिणाऱ्या बायकांना आयुष्य ठाऊक नाही आणि लिहिण्याची मेहनतही नकोय, असं इलियटचं म्हणणं. मग तुमच्या कादंबऱ्यांतली नायिका आठवा. तिला मूळ भाषा सोडा, स्वतःच्या साहेबाची मेल धड वाचता येत नाही, आणि उत्तर नको त्या माणसाला जातं. इलियटने जिची टर उडवली त्या बाईची टर हल्लीच्या चांगल्या विनोदी लेखिकाही उडवतातच. ती त्यांच्या कादंबऱ्यांत असते खरी, पण नायिकेची दिसायला देखणी, सगळं वेळेवर करणारी, डोक्यात जाणारी चुलत बहीण म्हणून. शिवाय तो निबंध स्वतःच पोट धरून हसावं इतका विनोदी आहे. तो लिहून झाल्यावर काही दिवसांतच इलियटने स्वतः पहिली गोष्ट लिहायला घेतली. हे वन्संना बहुधा ठाऊक असेल. तुम्हालाही ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक नसेल.

एवढं झालं बचावाचं. पण दहा मिनिटं नुसता बचाव करत बसलात तर फुकट जातील. ऐकणाऱ्यांना तुमची बाजू नको असते, पुस्तक हवं असतं. म्हणून हे हसवणं चालतं कसं, ते एका पानावर बघू. त्यासाठी जुनं पुस्तक घेते, म्हणजे हल्लीच्या कोणा एकीची बाजू घेतल्यासारखं होणार नाही.

ई. एम. डेलाफील्डची ‘डायरी ऑफ अ प्रोव्हिन्शियल लेडी’ 1929 च्या अखेरीस ‘टाइम अँड टाइड’ या बायकांनी चालवलेल्या साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने यायला लागली आणि 1930 मध्ये पुस्तक झालं. गावात राहणारी एक मध्यमवर्गीय बाई, अबोल नवरा, दोन मुलं, बँकेत कायम ओढाताण. पहिल्याच नोंदीत ती घरात कुंड्यांमध्ये फुलांचे कंद लावत बसलीय आणि तेवढ्यात गावातली बडी बाई, लेडी बॉक्स, येऊन टपकते. आपली नायिका तिला म्हणते, तुम्हाला बघून किती बरं वाटलं. आणि डायरीत या वाक्यालाच चिकटून एवढंच टाकते की हे खोटं. मग पाहुणीला बसायला सांगते. पाहुणी नेमकी त्याच खुर्चीकडे निघते जिच्यावर दोन कुंड्या आणि कोळशाची पिशवी ठेवलेली आहे. ऐन वेळी तिला सोफ्याकडे वळवण्यात यश येतं. आणि बसल्याबसल्या लेडी बॉक्स विचारते, घरातले कंद लावायला किती उशीर झालाय हे ठाऊक आहे ना तुम्हाला?

घडलं काय? काहीच नाही. कोणी त्या कुंडीवर बसलंही नाही. कच्च्या लेखणीने पाहुणीला कुंडीवर बसवलं असतं, कपडे मातीने भरवले असते, वर दोन किंकाळ्या घातल्या असत्या. डेलाफील्ड तिला ऐन वेळी वाचवते आणि त्यामुळे आपल्याला जास्त हसू येतं, कारण सगळी धडपड बाईच्या मनात होते आणि वर चेहरा हसरा. तोंडाने बोललेलं एक, डायरीत लिहिलेलं दुसरं, आणि तिने दोन्हीकडे न लिहिलेलं तिसरं काहीतरी आपल्याला कळतं. म्हणजे ही बाई स्वतःला जितकी गबाळी समजते तितकी ती अजिबात नाही. तिची नजर सुरीसारखी आहे. आणि शेवटचा तो प्रश्न! कोणी ओरडलं नाही, अपमान केला नाही, नुसती माहिती विचारली. आपल्या सगळ्यांच्या आयुष्यात असा प्रश्न विचारणारी एक बाई असते. (नावं घ्यायची नाहीत.)

यात विशेषणं जवळजवळ नाहीत, हेही बघा. वाक्यं तुटक, डायरीत घाईघाईत लिहावीत तशी. त्यामुळे ती बाई सतत कुठल्यातरी कामातून उठून लिहायला बसलीय असं वाटत राहतं. लिहिताना दमछाक झालेली असणार, पण वाचणाऱ्याला ती कळत नाही. म्हणूनच लोकांना वाटतं की हे सोपं आहे.

हसवणं सोपं नाही याचा दाखला हवा असेल तर 2018 चा घ्या. ब्रिटनमध्ये विनोदी कादंबरीसाठी पी. जी. वुडहाउसच्या नावाने एक पारितोषिक देतात. त्या वर्षी परीक्षकांनी ते कोणालाच दिलं नाही, कारण आलेल्या पुस्तकांपैकी एकाही पुस्तकाने सगळ्या परीक्षकांना हसवलं नाही. दुःखी कादंबरीच्या बाबतीत असं झालेलं मी तरी ऐकलेलं नाही. वाचकाला रडवायला एक मरणशय्या आणि एक न पाठवलेलं पत्र पुरतं.

तेव्हा तुमच्या आवडत्या पुस्तकात असं एक पान शोधा. एकच. निवडायचं कसं? ज्या पानावर तुम्ही दुसऱ्यांदा वाचतानाही हसलात ते. पहिल्यांदा आपण धक्क्याने हसतो, दुसऱ्यांदा लिहिण्यावर हसतो. कथानकाचा मोठा स्फोट जिथे होतो ते पान घेऊ नका, त्याला मागचा सगळा संदर्भ लागतो आणि तो सांगण्यातच तुमची पाच मिनिटं जातील. छोटा प्रसंग घ्या. नायिका आईशी फोनवर बोलतेय, मुलाखतीला बसलीय, नको असलेल्या माणसाला टाळतेय, असा. आधी दोन वाक्यांत माणसं कोण ते सांगा आणि सरळ वाचायला लागा. सावकाश वाचा. विनोदाचं वाक्य येतंय हे तुमच्या आवाजाला माहीत असता कामा नये. आपणच आधी हसलो तर समोरच्यांना हसायला काही उरत नाही. वाचून झालं की थोडं थांबा, आणि विनोद समजावून सांगू नका. समजावायची गरज वाटली तर पान चुकलंय असं समजा आणि दुसरं बघा. हे सगळं घरी मोठ्याने करून बघायचं, घड्याळ लावून, कारण मनात वाचलेलं पान आणि मोठ्याने वाचलेलं पान यांच्या वेळेत बराच फरक पडतो.

उरलेल्या वेळात हे पान तुम्हाला का आवडतं ते सांगा, आणि पुस्तकातली एक उणीवही सांगा. हे मुद्दाम सांगतेय. ज्या वाचकाला आपल्या लाडक्या पुस्तकातली खोट दिसते त्याच्या कौतुकावर लोक विश्वास ठेवतात. सुरुवातीला मात्र ‘तसं हलकंच आहे हं’, ‘माझं वाचन काही तुमच्यासारखं नाही’ असली प्रस्तावना नको. तुम्ही माफी मागितलीत की लोक माफ करायला बसतात.

प्रश्न काय येतील? एक ठरलेला आहे. ‘शेवटी लग्नच ना?’ म्हणजे शेवट आधीच ठाऊक असतो, मग वाचायचं काय? यावर तुम्ही उलट विचारा, की रहस्यकथेत शेवटी खुनी सापडणारच असतो, तिथे कोणी ही तक्रार का करत नाही? शेवट काय हे ठरलेलं असलं की लेखिकेचं आणि वाचकाचं सगळं लक्ष तिथे पोहोचण्याच्या रस्त्याकडे लागतं. ऑस्टिनचंच ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ 1813 मध्ये आलं. हेलन फील्डिंगची ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ 1995 मध्ये वर्तमानपत्रात सदर म्हणून सुरू झाली, 1996 मध्ये पुस्तक झाली, आणि तिने त्या जुन्या कादंबरीचं कथानक उघडउघड उचललं, नायकाचं डार्सी हे आडनावसुद्धा ठेवलं. वाचकाला पहिल्या भेटीतच कळतं की हा हट्टी, आखडू माणूस कुठे जाणार आहे. ब्रिजेटला कळत नाही. गंमत त्यातच आहे.

दुसरा प्रश्न जरा अडचणीचा आहे, आणि तो योग्य आहे. या पुस्तकांतल्या बायका सतत वजन आणि खरेदी यांतच का अडकलेल्या? इथे सगळ्या पुस्तकांची बाजू घ्यायला जाऊ नका, कारण सगळ्यांची घेता येणार नाही. ब्रिजेट रोजच्या नोंदीवर वजन लिहिते हे खरं. पण ज्या वजनासाठी तिने इतकी वर्षं जिवाचा आटापिटा केला ते एकदाचं गाठते, तेव्हा भेटणारे म्हणतात, दमलेली दिसतेस, आधीच बरी होतीस. त्या एका प्रसंगात आधीची सगळी वजनं वाया गेलेली कळतात, आणि लेखिका कुठे उभी आहे तेही कळतं. पुढे तिची नक्कल करणाऱ्या अनेकींनी वजनाचे आकडे तेवढे घेतले आणि हा टोला विसरल्या. अशा पुस्तकांत नायिका जाड असते, हाच विनोद असतो. मला ती वाचवत नाहीत.

डोकं बोथट होतं का, हा तुमचा प्रश्न. तुम्ही हिशेब बघता, म्हणून तुमच्या भाषेत सांगते. या कादंबऱ्यांत गोष्ट सांगणारी बाई तुमच्यासमोर एक हिशेब मांडते: मी शांतपणे बोलले, मला त्याच्याबद्दल काही वाटत नाही, मी दोनच पेले घेतले. आणि पानागणिक पावत्या वेगळं सांगत असतात. तो ताळा वाचणारीला करावा लागतो, लेखिका करून देत नाही. बोलणारी काय म्हणते आणि खरं काय आहे यातली तफावत ओळखत तीनशे पानं जायची, याला डोकं लागतं. गंभीर कादंबऱ्यांतल्या कितीतरी निवेदकांबद्दल समीक्षक हेच भारदस्त शब्दांत लिहितात.

पण रोज रात्री तेच आणि तेवढंच वाचलं तर जीभ विटते, हेही खरं. तुम्ही निम्मी पुस्तकं अर्धवट टाकता याचं एक कारण मला हेच वाटतं. लागोपाठ चार वाचली की चौथीतली आई पहिलीतल्या आईच्या आवाजात बोलायला लागते. मध्ये दुसरं काही वाचा. प्रवासवर्णन, रहस्यकथा, कोणाचं आत्मचरित्र, काहीही. जाड कादंबरीच पाहिजे असं नाही.

दुसरं कारण, अर्धवट टाकण्यासारखी पुस्तकं या प्रकारात खरोखरच भरपूर आहेत. एक पुस्तक चाललं की तसली पन्नास निघतात. म्हणून निवडताना थोडं खडूस व्हा. मुखपृष्ठावर ‘हसून हसून पुरेवाट’ लिहिलेलं असेल तर ते वाचूच नका, पुस्तक मधूनच उघडा आणि कोणाच्यातरी संवादाचं एक पान वाचा. पहिलं पान सगळ्याच घासूनपुसून लिहितात, मधलं पान खरं बोलतं. दोन माणसं बोलताहेत आणि नावं झाकली तरी कोण कोणतं वाक्य बोललं ते कळतंय का? नायिकेला नोकरी आहे म्हणतात, पण ती कधी कामावर दिसते का? की ऑफिस म्हणजे फक्त देखणा साहेब भेटायची जागा? तिच्या मैत्रिणीला स्वतःचं काही आयुष्य आहे का, की ती फक्त फोन उचलायला आणि टोमणे मारायला ठेवलीय? यावरून मला तरी पुस्तकाचा बराच अंदाज येतो.

आणि हसतोय कोणाला, ते बघायचं. नायिका स्वतःच्या आविर्भावाला हसत असेल, मोठेपणा मिरवणाऱ्यांना हसत असेल, तर पुढे जा. ज्यांना उलट बोलता येत नाही अशांना हसत असेल, घरकामाच्या बाईला, बोलताना अडखळणाऱ्याला, लग्न न झालेल्या मावशीला, तर तिथेच मिटा. अजून एक खूण आहे. ज्या गैरसमजावर अख्खी कादंबरी उभी आहे तो एका वाक्याने मिटण्यासारखा असेल, आणि ते वाक्य कोणी बोलू नये म्हणून लेखिका दर वेळी दारावरची बेल वाजवत असेल, तर ती तुमची वेळ खातेय. मालिकांच्या बाबतीत माझं मत कडक आहे: पहिल्या पुस्तकात शहाणी झालेली नायिका दुसऱ्यात पुन्हा मूर्ख झाली, तर तिसरं घेऊ नये. अनुवाद घेत असाल तर एक पान मोठ्याने वाचून बघा. विनोद वाक्याच्या लयीवर उभा असतो, ती गेली की नुसती घटना उरते, आणि या पुस्तकांत घटना तशा बेताच्याच असतात.

अर्धवट टाकलेल्यांचं वाईट वाटून घेऊ नका. ती 64व्या पानावरची कादंबरीही त्यांतच धरा. कदाचित ती चांगली असेल, फक्त झोपण्याआधी पंधरा मिनिटं हा तिचा वेळ नसेल. सुट्टीच्या दिवशी सकाळी दोन तास देऊन बघा. तरी नाही जमलं तर ज्याला हवी त्याला द्या. पुस्तक न आवडणं हा काही स्वभावातला दोष नव्हे.

एक काम मात्र कार्यक्रमाच्या आधी करा. वन्संना ऐन वेळी चकित करू नका. गट त्यांचा आहे, तुम्हाला बोलावलंय त्यांनी, आणि आपल्याच माणसांसमोर अनपेक्षित काही आलं की माणूस उगाच कडक होतो. शिवाय मला शंका आहे की त्यांनी मागची रांग केव्हाच बघितलीय. आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या बाईला कोणी काय लपवतंय हे कळायला कपाट उघडावं लागत नाही. म्हणून आठवडाभर आधी फोन करा. इकडचं तिकडचं बोलण्यात वेळ घालवू नका, नाहीतर मूळ गोष्ट राहून जाईल. ‘वन्सं, मी वेगळ्या पुस्तकावर बोलणार आहे’ एवढं म्हणा. त्या ‘कोणत्या?’ असं विचारतील. पुस्तकाचं नाव सांगा, लेखिकेचं नाव सांगा, आणि त्यापुढे एकही शब्द जोडू नका.

तुमची,
ताई